अमेरिकेत पैशांची ओढाताण आणि कम्युनिटी ॲक्शन एजन्सी: काय मिळतं, कोणाला मिळतं

रानजाई

मंडळी, मी मॅसॅच्युसेट्समध्ये एका कम्युनिटी ॲक्शन एजन्सीत अर्ज घ्यायच्या टेबलावर बसते. थंडी तोंडावर आली की हीटिंगच्या मदतीसाठी रांग लागते. त्या रांगेत ब्राझीलचे, कंबोडियाचे, पोर्टो रिकोचे, इथे चार पिढ्या राहिलेले आयरिश, सगळे दिसतात. आपलं माणूस मात्र क्वचित. आपल्यात गरजू नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारे आहेत, मोटेलच्या खोल्या आवरणाऱ्या बायका आहेत, नवऱ्यापासून वेगळी होऊन पोराला घेऊन राहणारी आहे, मुलाने ग्रीन कार्डावर आणलेले आणि आता सुनेशी पटत नाही म्हणून वेगळी खोली घेतलेले आईवडील आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात हे लोक मागच्या रांगेत बसतात आणि जेवण झालं की लवकर निघतात. म्हणून हा धागा काढतेय.

आधी ही एजन्सी म्हणजे काय ते सांगते. देशभरात अशा साधारण एक हजार संस्था आहेत. त्या ना-नफा असतात किंवा काउंटीच्या असतात. नावं प्रत्येक गावात वेगळी, म्हणून पटकन ओळखू येत नाहीत. बॉस्टनमध्ये एबीसीडी, लोवेलला कम्युनिटी टीमवर्क, फ्रेमिंगहॅमला एसएमओसी. तुमच्या गावातली माहीत नसेल तर फोनवरून २११ फिरवा आणि पिन कोड सांगा, ते नाव देतात. केंद्र आणि राज्य सरकारच्या वेगवेगळ्या योजना लोकांपर्यंत पोचवायचं काम या संस्था करतात. एका छताखाली हीटिंग, घराची दुरुस्ती, लहान मुलांची शाळा, टॅक्स, भाडं, धान्य असं बरंच काही असतं. कुठे काय मिळेल ते गावागणिक बदलतं.

माझ्या टेबलाचं सांगायचं तर ते लाइहीपचं. हीटिंगच्या बिलाला मदत. आमच्याकडे हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, थेट गॅस, वीज किंवा तेल कंपनीकडे जातात. उत्पन्नाची मर्यादा राज्य ठरवतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ती राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्के आहे, म्हणजे दोघं कमावते असले तरी बरीच कुटुंबं आत बसतात. आणि हे मंजूर झालं की त्याच कागदावर विजेच्या आणि गॅसच्या दरात सवलतही मिळते, वर्षभर. लोकांना ही दुसरी गोष्ट ठाऊकच नसते.

न्यू इंग्लंडात अजून कितीतरी घरांच्या तळघरात तेलाची टाकी आहे. तेल कंपनी शंभर गॅलनच्या खाली टँकर पाठवायला सहसा तयार नसते आणि तेवढे पैसे एकदम नसतात. मग लोक पंपावरून कॅनमध्ये पाच गॅलन डिझेल आणतात, तळघराबाहेरच्या नळीतून टाकीत ओततात आणि दोन रात्री काढतात. काही जण स्वयंपाकाचा ओव्हन उघडा ठेवून झोपतात. हे जिवावर बेतणारं आहे, कृपा करून कोणी करू नका. टाकी रिकामी व्हायला आली असेल तर अर्ज करताना तसं स्पष्ट सांगा. आणीबाणीची फाइल वेगळी काढतात.

प्रश्न विचारा. जमेल तसं लिहिते.

दूरदेशी

रानजाई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. एका मोठ्या कंपनीतून नोकरी गेली, नवी नोकरी शोधायची नाहीतर देश सोडायचा, असं साठ दिवसांचं घड्याळ चालू आहे. बायको एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा), काम करू शकत नाही. मुलगी इथेच जन्मली, तीन वर्षांची. भाडं थकायला लागलंय. मदत घेतली की ग्रीन कार्डाच्या वेळी ‘पब्लिक चार्ज’ (सरकारवर बोजा) म्हणून शिक्का बसतो असं सगळे सांगतात. एक मित्र तर म्हणाला, फूड पँट्रीत (फुकट धान्य देतात तिथे) गेलास तरी नोंद होते. खरं काय?

सनदी

मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो. हा सल्ला नाही, निर्णय घेण्याआधी तुमच्या वकिलाशी बोलाच.

लोकांच्या डोक्यात जी भीती आहे ती २०१९ च्या नियमाची. त्या नियमात फूड स्टँप (किराण्यासाठी सरकारी मदत), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) अशा गोष्टीही मोजायच्या ठरल्या होत्या. तो फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला आणि मार्च २०२१ मध्ये गेला. त्यानंतर २०२२ चा नियम आला. त्यात दोनच गोष्टी बघतात: घर चालवायला सरकारकडून मिळणारी रोख रक्कम, आणि सरकारी खर्चाने कायमचं नर्सिंग होममध्ये राहणं. लाइहीप, विक (बाळ-बाळंतिणीच्या आहाराची योजना), हेड स्टार्ट (लहान मुलांची शाळा), शाळेतलं जेवण, फूड पँट्री यातलं काहीही त्यात येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा नियम रद्द करायचा प्रस्ताव सरकारने मांडला होता, म्हणून ‘आज काय लागू आहे’ हे अर्जाच्या दिवशी विचारायचं. दोन वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज पुढे ढकलू नका.

दुसरी गोष्ट लोक पहिल्याशी मिसळतात, ती म्हणजे पात्रता. १९९६ च्या कायद्याने ‘क्वालिफाइड’ परदेशी नागरिक कोण ते ठरवलं. ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले लोक त्यात येतात. एच-वन, एच-फोर, एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) येत नाहीत. म्हणून फूड स्टँप किंवा लाइहीप तुम्हाला स्वतःला मिळत नाही. पण तुमची मुलगी अमेरिकन नागरिक आहे. तिच्या आधारावर कुटुंबाचा अर्ज होऊ शकतो का, आणि किती रकमेचा, हे राज्याप्रमाणे बदलतं. विकमध्ये मात्र इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाहीत. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत, एवढंच. २०२५ मध्ये चौघांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा ३२,१५० डॉलर होती.

आणि फूड पँट्रीत गेल्याने ‘पब्लिक चार्ज’ होत नाही. तिथे फार तर नाव, पत्ता आणि घरात किती माणसं ते लिहून घेतात. निर्धास्तपणे जा.

रानजाई

सनदींना अनुमोदन. दूरदेशी, तुम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये असाल तर भाड्यासाठी राफ्ट नावाची राज्याची योजना आहे. बारा महिन्यांत ७,००० डॉलरपर्यंत थकलेलं भाडं थेट घरमालकाला जातं. त्यासाठी घर सोडण्याची लेखी नोटीस लागते. नोटीस हातात पडली की लोक सामान बांधायला लागतात, तसं करू नका. नोटीस म्हणजे घराबाहेर काढणं नव्हे, ते फक्त कोर्टच करू शकतं. नोटिशीचा फोटो काढा आणि त्याच दिवशी अर्ज भरा.

शुक्रतारा

विकबद्दल माझा अनुभव लिहिते. नवरा पीएचडी करतोय, मिडवेस्टातल्या एका विद्यापीठाच्या गावी आहोत. बाळ झाल्यावर डॉक्टरांच्या नर्सनेच सांगितलं. आमच्या अपार्टमेंटमधल्या कोरियन, चिनी, मेक्सिकन, सगळ्या बाळंतिणी घेतात. दर महिन्याला कार्डात दूध, अंडी, फळं-भाज्या, तपकिरी तांदूळ किंवा गव्हाचा ब्रेड, आणि डाळी-कडधान्यं येतात. मसूर आणि राजमा चालतो, तूरडाळ आमच्या दुकानाच्या यादीत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथली स्तनपानाची सल्लागार. आई व्हिसा न मिळाल्याने येऊ शकली नाही, बाळ अंगावर पीत नव्हतं, रडून रडून मी हैराण. त्या बाईने शेजारी बसून बाळाचं डोकं कसं धरायचं, खांद्याखाली उशी कुठे द्यायची ते हाताला धरून दाखवलं. तिला मी जन्मात विसरणार नाही.

एका ओळखीच्या काकूंनी ‘अगं, आपण असलं घेत नसतो’ असं ऐकवलं होतं. पण त्या काकूंनी एक डबाही पाठवला नव्हता.

साशंक

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आपण शिकलेली माणसं. दोन वर्षांनी शुक्रतारांचे यजमान चांगल्या पगारावर लागतील. पैसा मर्यादित असतो. आपण घेतला तर ज्याला दुसरा मार्गच नाही त्याच्या तोंडचा घास जातो का? हे कोणाला टोचायला लिहीत नाहीये, मला खरंच प्रश्न पडतो.

रानजाई

साशंक, प्रश्न रास्त आहे. लाइहीपच्या बाबतीत तर अगदीच, कारण तो निधी दर वर्षी संसद ठरवेल तेवढाच असतो आणि पात्र घरांपैकी बहुतेकांपर्यंत पोचत नाही. पण म्हणूनच अर्जात प्राधान्य ठरलेलं असतं: घरात वृद्ध, अपंग किंवा लहान मूल असेल तर आधी. मर्यादा आणि क्रम कायद्याने लावलाय. तो क्रम घरी बसून स्वतःच्या मनाने लावायचा आणि बाळाचं दूध पातळ करायचं, हे मला पटत नाही. दोन वर्षांनी पगार वाढेल तेव्हा बाळ दोन वर्षांचं झालेलं असेल. त्याची हाडं आत्ता भरतायत. आणि पहिल्या पगारापासून टॅक्स आपणही भरतोच की.

साशंक

पटलं. बाळाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

उंबरठा

मी घरांचं एनर्जी ऑडिट करतो, वेदरायझेशनच्या, म्हणजे घरातली ऊब बाहेर जाते त्या जागा बुजवायच्या कामावर. रानजाईंनी ‘घराची दुरुस्ती’ एवढाच उल्लेख केला, पण माझ्या मते एजन्सीची ही सगळ्यात टिकाऊ मदत. बिलाची मदत त्या हिवाळ्यापुरती. भिंतीत घातलेलं इन्सुलेशन पुढची कित्येक वर्षं काम करतं. योजना १९७६ ची, तेलाच्या संकटानंतर सुरू झालेली. दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न चालतं, आणि बऱ्याच राज्यांत लाइहीप मंजूर असेल तर वेगळी पात्रता सिद्ध करावी लागत नाही. घरमालकाला किंवा भाडेकरूला खर्च नाही. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी परवानगी लागते.

आम्ही गेलो की पुढच्या दाराच्या चौकटीत जाड कापडाचा पडदा ताणून बसवतो. त्यात एक मोठा पंखा असतो. बाकी सगळी दारं-खिडक्या बंद करून पंख्याने घरातली हवा बाहेर ओढायची. मग बाहेरची गार हवा मिळेल तिथून आत घुसते. घरच्या माणसाला सोबत घेऊन फिरतो आणि सांगतो, इथे हात धरा. विजेच्या सॉकेटपाशी, माळ्याच्या झडपेपाशी, सिंकच्या खाली पाइप जातो तिथे. वाऱ्याची धार लागते हाताला. लोकांना वाटत असतं खिडक्या खराब आहेत, आणि खरी गळती निघते माळ्यावर. एका आजींच्या घरी त्या जिथे बसून जप करायच्या त्या कोपऱ्यातच भिंतीतून वारा येत होता. वर्षानुवर्षं शाल पांघरून बसायच्या, गुडघे दुखतात म्हणायच्या. ते बुजवलं, बाहेरून क्लॅपबोर्ड (लाकडी पट्ट्या) काढून भिंतीत भोकं पाडून सेल्युलोजचं इन्सुलेशन भरलं, आणि घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर मोजला तेव्हा कळलं की तीही बदलायला हवी होती.

एकच सूचना: जुन्या घरांत चिनी मातीच्या गोट्यांवरून नेलेली विजेची वायरिंग असते. ती असेल तर आधी बदलावी लागते, तोवर इन्सुलेशन घालत नाहीत, कारण आग लागू शकते. यात काम अडकतं. निराश होऊ नका, त्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी आहे का ते विचारा.

जुनेखोड

१९७० च्या दशकापासून न्यू जर्सीत आहे. या संस्था आल्या कुठून ते थोडं सांगतो, कारण त्यात एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांनी समजून घ्यावी.

जानेवारी १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये आर्थिक संधीचा कायदा झाला. सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे त्याची सूत्रं होती. त्या कायद्यात लिहिलं होतं की ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्या वस्तीतल्या लोकांचा त्यात जास्तीत जास्त सहभाग हवा. हे वाक्य कागदावर राहिलं नाही. मिसिसिपीत १९६५ च्या उन्हाळ्यात हेड स्टार्ट सुरू झालं तेव्हा कापसाच्या शेतात राबणाऱ्या, पदवी नसलेल्या कृष्णवर्णीय आया शिक्षिका झाल्या. त्यांना पगार मिळू लागला, आणि गोऱ्या मालकाच्या मर्जीवरचं जगणं सुटलं. तिथल्या राजकारण्यांनी तो निधी तोडायला जंग जंग पछाडलं. शहरांतले महापौरही नाराज होते, म्हणून १९६७ मध्ये स्थानिक सरकारांना जास्त अधिकार दिले गेले. पुढे निक्सन यांनी या कामासाठी उभं केलेलं मूळ खातं मोडीत काढायला सुरुवात केली, १९८१ मध्ये रेगन यांनी त्याचा उरलेला भाग बंद करून राज्यांना एकगठ्ठा अनुदान द्यायची पद्धत आणली. तीच आज चालू आहे.

इतकं सगळं होऊनही संचालक मंडळाचा नियम टिकला. एक तृतीयांश लोकप्रतिनिधी, किमान एक तृतीयांश गरीब वस्तीने निवडलेले प्रतिनिधी, उरलेले उद्योग, शाळा, धर्मसंस्था वगैरेंतले. म्हणजे ज्या बाईने काल हीटिंगचा अर्ज भरला, ती उद्या बजेटवर मत देऊ शकते. दान देणारा वर आणि घेणारा खाली, अशी ही रचना नाही. मला ती फार मोलाची वाटते.

पाटीपेन्सिल

जुनेखोड काका, अगदी बरोबर! मी ओहायोत हेड स्टार्टच्या वर्गात सहायक शिक्षिका आहे. आमच्याकडे पॉलिसी कौन्सिलमध्ये निम्म्याहून जास्त पालक असावे लागतात. नोकरभरती, बजेट, सगळं त्यांच्यासमोर जातं. इंग्रजी अडखळत बोलणारे पालकही हात वर करून प्रश्न विचारतात.

दूरदेशींची मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून लिहिते. हेड स्टार्ट तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, त्याहून लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी अर्ली हेड स्टार्ट. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या आत हवं, किंवा फूड स्टँप चालू हवेत. बेघर आणि फॉस्टर (सरकारने दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या) मुलांना उत्पन्नाची अट नाही. काही जागा मर्यादेच्या वरच्यांनाही देता येतात, आणि किमान दहा टक्के जागा अपंगत्व असलेल्या मुलांसाठी असतात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने इमिग्रेशन दर्जाची अट घालायची घोषणा केली होती, ती कोर्टात अडली. पण तुमची मुलगी नागरिक आहे, तुम्हाला त्याची झळ नाही. नोकरी गेल्यावर उत्पन्न बदललंय हे आवर्जून सांगा.

ही नुसती पाळणाघराची जागा नाही. सकाळी मुलं आली की हात धुऊन सगळे एका टेबलाला बसतात. भांडं मुलांच्या हातात फिरतं, आपापलं वाढून घ्यायचं. आम्ही शिक्षिकाही तेच खातो. दात, डोळे, कान, वजन सगळं तपासलं जातं. ऐकू कमी येतं म्हणून न बोलणारं मूल ‘हट्टी’ ठरतं, ते इथे सापडतं. घरी मराठीच बोला असं आम्हीच पालकांना सांगतो. एका आजीने येऊन ‘ये रे ये रे पावसा’ म्हटलं तर वर्गातली सोमाली आणि गोरी पोरंही ‘पैसा’ला टाळ्या पिटायला लागली. आणि अशा तासांची नोंद होते बरं का. केंद्राच्या पैशाला संस्थेला स्वतःचा वाटा जोडावा लागतो, त्यात पालकांचे स्वयंसेवेचे तास धरता येतात. आजीने गाणं म्हटलं, तेही हिशेबात जमा.

गोदाकाठ

नाशिकहून वाचतेय. हे आमच्या अंगणवाडीसारखंच वाटलं. आपली योजना १९७५ ची, २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. आहार, लसीकरण, शाळेआधीचं शिक्षण असा एकत्र विचार आमच्याकडेही आहे. पण पालकांना भरतीत मत, हे आमच्या सेविकांना सांगितलं तर डोळे विस्फारतील. पाटीपेन्सिल, तुमच्या वर्गात मुलं किती?

पाटीपेन्सिल

गोदाकाठ ताई, चार-पाच वर्षांच्या वर्गात जास्तीत जास्त वीस, आणि दोन मोठी माणसं. तुमच्याकडे एकटी सेविका किती मुलं सांभाळते ते आठवून मला नेहमी वाईट वाटतं.

हिशेबी

टॅक्सचं कोणीच बोललं नाही. बऱ्याच एजन्सींत जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत व्हिटाचं केंद्र असतं. ठरावीक मर्यादेपर्यंत (२०२५ मध्ये साधारण ६७ हजार डॉलर) उत्पन्न असणाऱ्यांचा टॅक्सचा फॉर्म फुकट भरून देतात. मी स्वयंसेवक आहे, दर वर्षी परीक्षा द्यावी लागते. एकाने भरलेला फॉर्म दुसऱ्याने तपासल्याशिवाय आम्ही पाठवत नाही. कमी उत्पन्नाच्या नोकरदारांना मिळणारं अर्न्ड इन्कम क्रेडिट कितीतरी लोक मागतच नाहीत. आणि ‘आजच रिफंड’ म्हणणाऱ्या दुकानांत शेकडो डॉलर देऊन येतात, ते वेगळंच.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवा, एफ-वन किंवा जे-वनवर पहिल्या काही वर्षांत १०४०-एनआर हा वेगळा टॅक्स फॉर्म भरावा लागतो आणि तो सगळी केंद्रं भरत नाहीत. आधी फोन करून विचारा.

सनदी

अजून एक राहिलं. आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणताना मुलगा आय-८६४ या हमीपत्रावर सही करतो. त्यांनी फूड स्टँप, मेडिकेड, एसएसआय (गरीब वृद्ध-अपंगांना रोख मदत) असं काही घेतलं तर सरकार मुलाकडून वसूल करू शकतं, आणि पात्रता ठरवताना मुलाचं उत्पन्नही धरलं जातं. लाइहीप आणि हेड स्टार्ट त्या वसुलीच्या यादीत नाहीत. मुलापासून वेगळे राहणारे आईवडील याच भीतीने कुठेच जात नाहीत.

दूरदेशी

सगळ्यांचे आभार. काल बायको आणि मी इथल्या एजन्सीत जाऊन आलो. हेड स्टार्टचं नाव प्रतीक्षायादीत लागलंय, विकची तारीख मिळाली. टेबलावरच्या बाईने कागद बघता बघता मुलीला रंगीत खडू दिले. बायको परतताना म्हणाली, आपण इतके दिवस कशाला थांबलो? राफ्टला घरमालकाच्या सहीचा कागद लागतोय, तो आज मागतो.

रानजाई

खूप बरं वाटलं वाचून. मालकाने सही द्यायला टाळाटाळ केली तर तसं केसवर्करला कळवा, ते स्वतः फोन करतात.

आता थोडं काळजीचं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रातलं लाइहीप सांभाळणारं सगळं कर्मचारी मंडळ कमी केलं गेलं. २०२६ च्या अंदाजपत्रकात लाइहीप आणि आमचं मूळ अनुदान, दोन्ही शून्य करायचा प्रस्ताव होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ ला सरकार ठप्प झालं तेव्हा हीटिंगचा पैसा उशिरा आला. अर्ज मंजूर झालेले लोक फोन करायचे आणि आमच्याकडे द्यायला तारीख नव्हती. ज्यांना मताधिकार आहे त्यांनी आपल्या खासदाराच्या ऑफिसात एक फोन करा. ‘माझ्या गावात इतकी घरं यावर गरम राहतात’ एवढं बोललं तरी नोंद होते.

वडाची_सावली

रानजाई ताई, सासू-सासरे आमच्याकडेच राहतात, ग्रीन कार्डावर आहेत. त्यांच्या नावावर कुठलंच बिल नाही. त्यांना काही मिळेल का? सासरे दिवसभर खिडकीपाशी बसून असतात, इंग्रजी येत नाही.

रानजाई

एका छताखाली राहता म्हणजे हीटिंगसाठी घर एकच, सगळ्यांचं उत्पन्न एकत्र मोजतात. तुमचे दोन चांगले पगार असतील तर ते बहुधा बसणार नाही. पण साठीच्या पुढच्यांसाठी सीनियर सेंटरमध्ये दुपारचं जेवण असतं, १९६५ च्या ज्येष्ठांच्या कायद्याखाली. त्याला उत्पन्नाची अटच नाही, ऐच्छिक देणगी ठेवतात, नाही दिली तरी चालते. बऱ्याच ठिकाणी न्यायला-आणायला गाडी येते. शाकाहारी आहेत हे आदल्या दिवशी फोन करून सांगा. आणि पहिल्या भेटीला ‘आम्हाला मराठी दुभाषी हवा’ असं म्हणा. हिंदीवर भागवू नका, फोनवरून मराठी दुभाषी जोडून देता येतो. ओळखपत्र, ग्रीन कार्ड आणि औषधांची यादी सोबत असू द्या. पिन कोड मला व्यक्तिगत निरोपाने पाठवा, तुमच्या जवळचं सेंटर शोधून उद्या कळवते.